पडले, पाडले, उतरवले

कोल्हापुरात गंगावेशीत येणाऱ्या परगावच्या माणसाला वेस कुठेच दिसत नाही. रंकाळावेशीतही दिसत नाही. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर मंडई भरते. बिंदू चौकात तटाचा आणि बुरुजाचा एक तुकडा शिल्लक आहे, म्हणून या शहराला कधीकाळी तटबंदी होती हे डोळ्यांना पटते. बाकीचा तट नाहीसा झाला, तळी बुजली आणि नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली. ही वेस गेली कुठे, असे कोणाही जुन्या कोल्हापूरकराला विचारले तर उत्तर चार क्रियापदांपैकी एकाने येते. गेली, पडली, पाडली किंवा काढली. बोलणारा यांतले कोणते निवडतो, यावरून त्याला घडल्या गोष्टीचा धनी ठाऊक आहे की नाही, आणि ठाऊक असून तो सांगायचा आहे की नाही, हे कळते. आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय एवढाच आहे: इमारत नाहीशी करण्यासाठी मराठी माणूस कोणते शब्द वापरतो आणि त्या शब्दांत काय दडलेले असते.

‘पाडणे’ हे ‘पडणे’चे प्रयोजक रूप. शाळेच्या व्याकरणात ते एका ओळीत संपते, व्यवहारात मात्र त्याचा पसारा थक्क करणारा आहे. घर पाडतात, झाड पाडतात, दात पाडतात, निवडणुकीत उमेदवार पाडतात, बाजारात भाव पाडतात. इथवर सगळे उभे असलेले आडवे करण्याचेच काम आहे. पण याच क्रियापदाने मराठी माणूस नाणी पाडतो, विहीर पाडतो, जिलब्या पाडतो, पायंडा पाडतो, एखाद्याचे नाव पाडतो आणि हाती घेतलेले काम पार पाडतो. टांकसाळीतून खणखणीत रुपया बाहेर पडला तरी ‘पाडला’ आणि शंभर वर्षांचा वाडा मातीत गेला तरी ‘पाडला’. ‘काढणे’चेही तसेच. शाळा काढली म्हणजे ती सुरू झाली. टपरी काढली म्हणजे ती उचलून नेली. दुकान काढले, या दोन शब्दांचा अर्थ तर मागचेपुढचे वाक्य ऐकल्याशिवाय लागतच नाही.

उभारणी आणि पाडापाडी यांना या भाषेने एकाच क्रियापदात बसवले, याचे कारण कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. विहीर पाडायची तर जमीन फोडावी लागते, नाणे पाडायचे तर धातूवर घाव घालावा लागतो. ‘पाडणे’मध्ये घाव आहे, आणि घाव घालणारा हातही आहे. या क्रियापदाला कर्ता लागतो. घर पाडले म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडून आपोआप ‘कोणी?’ असा प्रश्न येतो. घर पडले म्हटल्यावर तो येत नाही. तेव्हा माणूस विचारतो, ‘कोणाला लागलं का?’

ही गोष्ट व्याकरणापुरती राहत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळ परिसरात बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत जमिनीवर आली आणि ७४ माणसे मेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली, त्यात १६ जण गेले. दोन्ही वेळा मथळ्यांत ‘इमारत कोसळली’ असे होते. त्या क्षणी दुसरा शब्द नव्हताच. बातमीदाराला समोर दिसले तेवढेच त्याने लिहिले. पण अशा इमारती पावसासारख्या आपोआप कोसळत नाहीत. कोणी सिमेंट कमी घातलेले असते, कोणी परवानगीशिवाय मजले चढवलेले असतात, कोणी पाहून न पाहिल्यासारखे केलेले असते. ‘कोसळली’ हा शब्द पहिल्या दिवशी खरा असतो. चौकशीचे कागद पुढे सरकल्यावरही तोच शब्द वर्षानुवर्षे चालत राहिला, तर तो मृतांवर अन्याय करतो.

सरकारी कागदाने यावर आणखी एक तोडगा काढला आहे: ‘पाडण्यात आले’. इथे पाडणारा आहे हे मान्य आहे, पण वाक्यात त्याला जागा नाही. घर पाडण्यात येते, वीज तोडण्यात येते, कुटुंबाला हलवण्यात येते. मराठीतला हा कर्मणी प्रयोग वाईट नाही, त्याची गरज अनेक ठिकाणी पडते. परंतु ज्या वाक्यात एखाद्याचे छप्पर जाते, त्या वाक्यात आदेश कोणी दिला, कोणत्या कलमाखाली दिला आणि यंत्र कोणी आणले हे लिहिण्याइतकी जागा नक्कीच असते.

जुन्या मराठीत पाडणाऱ्याला लपायचे नव्हते. उलट आपले नाव चारी दिशांना जावे अशीच त्याची इच्छा असे. इसवी सन १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा जाळला, तट पाडला आणि गावठाणावर गाढवांचा नांगर फिरवला. जमिनीत लोखंडी पहार ठोकल्याचीही हकीकत जुन्या शकावलीत येते. वस्तीवर नांगर चालवणे म्हणजे गावठाणाचे शेत करणे, आणि बैलाऐवजी गाढव जुंपणे म्हणजे त्या शेतालाही शाप देणे. ज्यांना घर बांधायचे आहे त्यांच्या मनात भीती राहावी, यासाठी हा सगळा खटाटोप होता. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार पुण्यात सुरू झाला आणि बाल शिवाजीराजांच्या हस्ते सोन्याचा नांगर फिरवून तो शाप उतरवला गेला, अशी परंपरा आहे. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ हा वाक्प्रचार त्या प्रसंगाच्या आठवणीने मराठीत अजून जिवंत आहे.

फारसीतून आलेले शब्दही असेच तीव्र. ‘नेस्तनाबूत’ या शब्दाची फोड केली तर ‘नाही आणि नव्हते’ असा अर्थ निघतो. वास्तू गेली एवढ्यावर त्याचे समाधान नाही; ती कधी होती ही आठवणही तो पुसायला निघतो. ‘जमीनदोस्त’ची गंमत वेगळी. हिंदीत आजही ‘जमींदोज’ म्हणतात. फारसीत ‘दोज’चा संबंध शिवण्याशी आहे, म्हणजे जमिनीला शिवून टाकलेले. मराठी जिभेने त्या ‘दोज’चा ‘दोस्त’ केला आणि पडकी भिंत मातीची मैत्रीण झाली.

सर्वांत दूरचा प्रवास ‘बेचिराख’ने केला. मूळ शब्द ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जुन्या महसुली दप्तरांत ओस पडलेल्या गावाला बेचिराख गाव म्हणत. दुष्काळाने, पटकीने किंवा स्वारीच्या भीतीने माणसे निघून गेलेली, भिंती उभ्या, पण संध्याकाळी दिवा नाही. कर वसूल करणाऱ्याने गाव जिवंत की मेलेले हे ठरवायला भिंती मोजल्या नाहीत, दिवे मोजले. नंतर मराठी कानाला शब्दाच्या शेवटी ‘राख’ ऐकू आली आणि अर्थ जळण्याकडे वळला. आज ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख’ असे वाचताना कोणाच्या मनात दिवा येत नाही. तरी त्या दप्तरी अर्थाची आठवण ठेवावी असे फार वाटते. घर कशाने बनते याची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कोणत्याही कारकुनी शब्दाने केलेली नाही.

कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासात पाडापाडीचा एक मोठा प्रसंग १८४४चा. गडकऱ्यांचे बंड सामानगडावर पेटले, तिथून पसरले. ऑक्टोबरात इंग्रजांनी सामानगड घेतला, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा घेतला. त्यानंतर पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला गेला. आज त्या जागी जुजबी अवशेष आहेत आणि नाव आहे. तीन दरवाजा मात्र शाबूत आहे. इंग्रजांनी सगळा गड भुईसपाट केला नाही, करण्याची गरजही नव्हती. मावळतीपासून उगवतीपर्यंत पसरलेला तट पाडायला जे श्रम आणि दारू लागली असती, त्यांचा लहानसा वाटा एका दरवाजावर खर्च करून काम भागले. मराठीत याला नेमका शब्द आहे: किल्ला निकामी करणे. वास्तू राहू द्यायची, तिचे काम काढून घ्यायचे. दरवाजा नसलेला गड लढू शकत नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळा आहे. त्या यादीत गेलेला गड निकामी केलेलाच गड आहे, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चार दरवाजाच्या जागेवर उभे करून सांगायला हवे.

आगीच्या बाबतीतही हाच भेद. ‘जळाले’ आणि ‘जाळले’ यांत एका काना-मात्रेपुरते अंतर आहे, पण त्यात एक अख्खा गुन्हा मावतो. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे, वाडे, छापखाने जाळले गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यात गेला. त्या घटनांसाठी लोकांनी ‘जळीत’ हा शब्द रूढ केला. जळीतग्रस्त, जळिताचे कर्ज, जळिताच्या वेळी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीला याच दिवसांची पार्श्वभूमी आहे. ‘जळीत’ हे नाम पाहण्यासारखे आहे. घटना त्यात पूर्ण आहे, हानी पूर्ण आहे आणि करणारे कोणीच नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटवल्यावर पुन्हा त्याच गल्लीत एकत्र राहायचे, तर असा शब्द लागतो. तो कोणी ठरवून घडवला नसेल, गावांनीच तो सोसून घेतला असेल. पण ७५ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर इतिहास लिहिणाऱ्याने तरी ‘जाळले’ असे स्पष्ट लिहावे. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभारला, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेले हे नाट्यगृह, शेजारी खासबाग मैदान. नाटक आणि कुस्ती एका भिंतीच्या अंतराने. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री रंगमंच आणि छप्पर आगीत गेले. दगडी भिंती बऱ्याच अंशी तगल्या. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या कलावंतांना आणि प्रेक्षकांना रडू आवरत नव्हते. त्या गर्दीतून जी मागणी पुढे आली, ती नाट्यगृह मूळ रूपात उभे करण्याची होती. नवे, मोठे, वातानुकूलित असे काही बांधून द्या, असे लोक म्हणाले नाहीत. जळालेली वास्तू पाडून टाकणे अनेक शहरांत सोपे ठरले असते. कोल्हापूरने तो शब्द उच्चारू दिला नाही, याचा या शहराला अभिमान असायला हवा.

आता एका हरवत चाललेल्या शब्दाकडे. वाडा ‘उतरवणे’. पेठांतले जुने सुतार आणि गवंडी हा शब्द अजून वापरतात. छप्पर आधी उतरते: कौले एकेक करून खाली येतात, कारण ती दुसऱ्या छपरावर चढणार असतात. मग रिपा, वासे, आढे. मग तुळया आणि खांब, जे सागवानी असतील तर त्यांना अजून शंभर वर्षे आयुष्य असते. चौकटी, कडीपाट, देवळ्यांचे दगड. शेवटी पांढरीच्या मातीच्या भिंती, ज्यांची माती पुन्हा मातीच होते. जोत्याचे घडीव दगड नव्या जोत्यात जातात. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांतल्या लोकांनी आपली घरे अशीच उतरवून, लाकूडफाटा गाडीत घालून नव्या गावठाणात नेली. उतरवलेल्या घराचा पत्ता बदलतो, घर संपत नाही. बांधताना ज्या क्रमाने काम झाले त्याच्या उलट क्रमाने ते उतरते, म्हणून उतरवणाऱ्याला बांधण्याची विद्या यावी लागते. ‘पाडणे’ला ती लागत नाही.

जेसीबी आल्यावर दोन दिवसांत वाडा खाली येतो आणि जे उरते त्याला ‘राडारोडा’ म्हणतात. विटा, लाकूड, कौल, दगड, सगळ्यांची ओळख त्या एका शब्दात बुडते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामातून निघणाऱ्या कचऱ्यासाठी वेगळे नियम केले, त्यांत हा माल वेगवेगळा करून ठेवण्याची जबाबदारी टाकली होती. जुन्या सुताराला हे नियम नवे वाटणार नाहीत. तो उतरवतानाच वेगळे करीत होता.

पावसाळ्यात मातीच्या घरांचे काय होते, त्यासाठी ‘पडझड’. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी आंबेवाडी, प्रयाग चिखलीपासून शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठापर्यंत हा शब्द घराघरांत नेला. खरे तर लोक ‘घर बसलं’ असे म्हणतात. पुराच्या पाण्यात चार दिवस भिजलेली भिंत खालून विरघळते आणि घर बसते. म्हातारे माणूस गुडघे दुमडून खाली बसते तसे. तलाठ्याच्या पंचनाम्यात मात्र ‘अंशतः’ की ‘पूर्णतः’ एवढाच प्रश्न असतो. त्या दोन शब्दांतले अंतर पैशात मोजता येते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्णतः नष्ट झालेल्या घराला १,२०,००० रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. मागची भिंत बसली, पुढची ओली उभी आहे, आत झोपायची हिंमत नाही. असे घर अंशतः पडलेले की पूर्णतः? पंचनामा करणाऱ्याच्या पेनातून उतरणाऱ्या त्या एका क्रियाविशेषणावर कुटुंबाचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

जुलै २०२४ मध्ये या जिल्ह्याने पाडापाडीचे दोन शब्द एकाच आठवड्यात शेजारीशेजारी ऐकले. विशाळगडावरील अतिक्रमणांविरोधातल्या आंदोलनाच्या दिवशी, १४ जुलैला, गडाच्या वाटेवरच्या गजापुरात जमावाने मुसलमान वस्तीतली घरे आणि प्रार्थनास्थळ यांची नासधूस केली. गजापूर गडावर नाही. दुसऱ्या दिवशी प्रशासनाने गडावरची अतिक्रमणे काढायला सुरुवात केली आणि १९ जुलैला उच्च न्यायालयाने पावसाळ्यात ते पाडकाम थांबवायला सांगितले. खाली झाली ती ‘तोडफोड’ आणि वर झाली ती ‘कारवाई’. हा भेद कायद्याचा आहे आणि तो सांभाळलाच पाहिजे. जमावाच्या हाताला कारवाई म्हणता येत नाही. पण त्याच कारणाने कारवाई करणाऱ्यावर जास्त बंधने येतात. नोटीस, मुदत, म्हणणे मांडायची संधी, ऋतूचा विचार, हे सगळे असले तरच ती कारवाई. यांतले काही गळाले की तिच्यात आणि तोडफोडीत फक्त गणवेशाचा फरक उरतो.

बोलण्यात आता ‘बुलडोझर फिरवला’ सर्रास झाले आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर असतो तो जेसीबी, ज्याचे नाव जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या आद्याक्षरांवरून आले. किंवा पोकलेन, जे एका फ्रेंच कंपनीचे नाव. बुलडोझर हा शब्द यंत्राच्या आधीचा आहे. १८७६च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मतदारांना मारझोड करून धमकावणाऱ्यांना तो लावत. यंत्राला हे नाव नंतर मिळाले. मुंबईत नव्वदच्या दशकात महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार बेकायदा बांधकामांवर तुटून पडले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, कारण त्यांचा रोख बलदंडांकडे होता. त्याच मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, आणि दोन्हींत ‘बांधकाम पाडणे’ हेच क्रियापद. झोपडी आणि टॉवर यांना ते सारखेच लागते. भोगणाऱ्यांना सारखे लागत नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने देशभरासाठी नियम घालून दिले. पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने आणि घरावर चिकटवून, म्हणणे ऐकून कारणांसह आदेश, पाडकामाचे चित्रीकरण, आणि नियम मोडले तर अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली आहेत. आरोपी म्हणून कोणाचे घर पाडता येत नाही, हे न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले. हेच न्या. गवई सरन्यायाधीश म्हणून १७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात आले, ते उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या उद्घाटनासाठी. अनेक वर्षे चाललेल्या आंदोलनाचे ते फळ. भाऊसिंगजी रोडवरची जुनी न्यायालयीन वास्तू त्यासाठी दुरुस्त करून घेतली गेली.

दुरुस्तीलाही कागदावर जागा आहे, हे महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या वर्गवारीत दिसते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. चारांपैकी तीन वर्ग इमारत राखणारे आहेत. तरी पावसाळ्याच्या तोंडावर पेठेतल्या वाड्यावर नोटीस लागली की भाडेकरू, मालक आणि बिल्डर तिघांच्याही मनात पहिला वर्गच येतो. नोटिशीत ‘निष्कासन’ असा संस्कृत शब्द असतो, जो वाड्यात राहणाऱ्या आजीला कळत नाही. तिला सांगायला हवे ते साध्या मराठीत असे: तुमच्या वाड्याची कोणती भिंत, कोणती तुळई धोक्याची आहे, ती आधार देऊन वाचेल की नाही, वाचणार नसेल तर वाडा कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाराने पाडणार, आणि तुमच्या चौकटी, तुळया, कौले उतरवून घ्यायला तुम्हाला किती दिवस मिळणार. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ साली स्थापन झाली. तिच्या पाडकामाच्या नोंदींत यापुढे प्रत्येक वास्तूचा पाडण्यापूर्वीचा नकाशा, छायाचित्रे आणि हे चार तपशील असावेत, ही मागणी या व्यासपीठावरून करायची आहे. त्या नोंदी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५०पासून या शहरात असलेल्या ग्रंथालयातही वाचकांना पाहायला मिळाव्यात.